धर्मग्रामात सौरऊर्जा आणायची आहे? आधी वीजबिलं काढा

आमच्या चर्चच्या शाळेचं वीजबिल ज्या फादरांच्या नावावर येत होतं, ते फादर बदलून गेले तेव्हा मी त्याच शाळेत चौथीत होते. आता माझी मुलगी तिथून दहावी होऊन बाहेर पडली. मधल्या काळात बिलावरचं नाव बदलायचं कुणाला सुचलं नाही, कारण बिल वेळेवर भरलं जात होतं. गच्चीवर सौरऊर्जा बसवायची ठरली आणि अर्जाच्या पहिल्याच रकान्यात आम्ही अडलो. ते नाव बदलण्यात दोन महिने गेले.

मी वसईची. आमच्या धर्मग्रामाच्या, म्हणजे चर्चशी जोडलेल्या वस्तीच्या, पॅरिश कौन्सिलमध्ये (कारभार समितीत) पर्यावरणाचं काम बघते. पहिल्या बैठकीपासून गच्चीवर पॅनेल लागेपर्यंत आम्हाला सव्वा वर्ष लागलं. त्यातले सहा महिने तरी माहिती नसल्यामुळे गेले. तुमचे ते वाचावेत म्हणून हे लिहिते आहे. वसई धर्मप्रांत (एका बिशपांच्या हाताखालचा भाग) डोळ्यांसमोर आहे, पण महाराष्ट्रात महावितरणची वीज वापरणाऱ्या कुठल्याही चर्चला, शाळेला किंवा कॉन्व्हेंटला यातलं बरंच लागू पडेल.

१. 'का' ते आधी ठरवा आणि एका पानावर लिहा

बैठकीत पहिला प्रश्न येतो, "किती पैसे वाचतील?" तो रास्तच आहे. पण तेवढ्यावरच थांबलात तर पुढे एखाद्या वर्षी उत्पादन कमी झालं की उत्साह संपतो.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये 'लाउदातो सी' या परिपत्रकात स्पष्ट सांगितलं की कोळसा, तेल आणि काही प्रमाणात वायू यांच्यावर चालणारं तंत्रज्ञान विनाविलंब, टप्प्याटप्प्यानं बदललं पाहिजे. पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकत्र ऐका, असंही त्यात आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये 'लाउदाते देउम' या पुढच्या पत्रात त्यांनी तेच अधिक कळकळीनं मांडलं. व्हॅटिकनमधल्या पॉल सहावे सभागृहाच्या छपरावर २००८ पासूनच सौर पॅनेल आहेत. फिलिपीन्समधल्या मासिन धर्मप्रांतानं तर २०१८ मध्ये आपल्या धर्मग्रामांच्या चर्चवर पॅनेल बसवली. वादळं त्या लोकांच्या पाचवीला पुजलेली आहेत.

आपल्याला इतक्या लांब जायचीही गरज नाही. वसई धर्मप्रांत तलासरीपर्यंत पसरलेला आहे. त्याच हद्दीत डहाणूला चिकूच्या वाड्यांच्या शेजारी कोळसा जळतो आणि वीज मुंबईच्या उपनगरांत जाते. जुलै २०१८ च्या पुरात वसई पाण्याखाली गेली तेव्हा मिठागरांतली माणसं अडकून पडली होती. त्यांच्या घरात किती वीज जळत असेल? हवामान न्याय हा शब्द बैठकीत जड वाटतो. एवढी दोन उदाहरणं दिली की आजीबाईंनाही तो कळतो.

वसईत हे काम नवं नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीनं इथल्या हिरव्या पट्ट्यासाठी आणि विहिरींच्या पाण्यासाठी लढा दिला, त्यात आमच्या आईवडिलांची पिढी रस्त्यावर उतरली होती. आमच्या पानावर पहिली ओळ हीच होती. दुसरी ओळ: वाचलेल्या पैशांतला ठरलेला वाटा आपल्यापेक्षा गरीब घरांतल्या विजेसाठी जाईल. ही दुसरी ओळ पहिल्या दिवशीच लिहा. पैसे वाचायला लागल्यावर ती लिहिणं फार अवघड जातं.

२. सगळ्या मीटरची बारा महिन्यांची बिलं टेबलावर मांडा

आपल्याला वाटतं चर्च एक, मीटर एक. आमच्या आवारात पाच मीटर निघाले: चर्च, धर्मगुरूंचं निवासस्थान, शाळा, हॉल आणि विहिरीवरचा पंप. एका मीटरमागे बसवलेल्या यंत्रणेची वीज त्याच मीटरच्या बिलातून वजा होते. शाळेच्या गच्चीवर पॅनेल लावून हॉलचं बिल कमी होईल असं धरून चालू नका.

प्रत्येक बिलावर तीन गोष्टींना पेन्सिलीनं गोल करा: दर महिन्याची युनिट्स, मंजूर भार (एका वेळी जास्तीत जास्त किती किलोवॉट वापरायची परवानगी आहे तो आकडा) आणि दराचा वर्ग. वर्ग महत्त्वाचा. प्रार्थनास्थळाला घरगुती दर लागतो, पण हॉल भाड्यानं देत असाल तर तेवढ्या भागाला व्यावसायिक दर लागतो. खासगी व्यवस्थापनाची शाळा सार्वजनिक सेवा या वर्गात येते. ज्या मीटरचा दर जास्त, तिथं सौरऊर्जेचं एकेक युनिट जास्त पैसे वाचवतं.

आम्ही शाळेचा मीटर निवडला, कारण वापर दिवसा होता. चर्चमध्ये मुख्य वापर रविवारी सकाळी आणि रोज संध्याकाळच्या मिस्साच्या (प्रार्थनाविधीच्या) वेळी. नेट मीटरिंगमुळे दिवसा बाहेर गेलेली वीज संध्याकाळी वजा होते हे खरं, पण मुळात वापर कमी असलेल्या मीटरवर मोठा खर्च करण्यात अर्थ नाही.

३. पॅनेलआधी पंखे बदला

ही पायरी विक्रेता तुम्हाला सांगणार नाही. आमच्या शाळेत साठ जुने पंखे होते, प्रत्येकी सुमारे ७५ वॉटचे. नवे बीएलडीसी पंखे ३० वॉटच्या आसपास चालतात. साठ पंख्यांवर प्रत्येकी ४५ वॉट वाचले, म्हणजे २,७०० वॉट. जवळजवळ तीन किलोवॉटची पॅनेल विकत घेण्याची गरजच संपली. ट्यूबलाइटऐवजी एलईडी लावले की आणखी फरक पडतो. एकदम सगळं शक्य नसेल तर जास्त तास चालणाऱ्या वर्गांपासून सुरुवात करा. माजी विद्यार्थ्यांच्या एका तुकडीनं एका वर्गाचे पंखे दिले आणि मग तुकड्यांमध्ये चढाओढ लागली.

४. नाव आणि मंजूर भार

वर सांगितलंच. बिल संस्थेच्या नावावर नसेल तर आजच नावबदलाचा अर्ज करा. बाकीची कामं त्याच्या बरोबरीनं चालू ठेवता येतात.

सौरयंत्रणेची क्षमता मंजूर भारापेक्षा जास्त ठेवता येत नाही. बिलावर पाच किलोवॉट असेल आणि तुम्हाला दहाची यंत्रणा हवी असेल तर भारही तेवढा वाढवावा लागतो. सिंगल फेज असेल तर थ्री फेज करून घ्या. पण भार वाढवण्याआधी तिसरी पायरी पुन्हा वाचा.

५. छप्पर निवडताना भावना बाजूला ठेवा

आमच्या काही ज्येष्ठांना वाटत होतं की पॅनेल चर्चवरच हवीत, लोकांना दिसायला हवीत. जुन्या चर्चची छपरं कौलारू, वासे शंभर वर्षांचे. त्यावर चढून कौलं फुटली की पहिल्या पावसात वेदीवर पाणी. शाळेची किंवा हॉलची सिमेंटची गच्ची हीच योग्य जागा. एका किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट सावलीमुक्त जागा लागते. साफसफाईला चालायची वाट वेगळी सोडा.

सावली स्वतः बघा. डिसेंबरमधल्या एका दिवशी सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता गच्चीवर उभं राहून खडूनं सावलीची रेघ मारा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो, सावल्या लांब पडतात. आमच्याकडे घंटेच्या मनोऱ्याची सावली सकाळी गच्चीच्या एका कोपऱ्यावर पडते. विक्रेत्याच्या आराखड्यात नेमकी तिथं चार पॅनेल होती. खडूची रेघ दाखवल्यावर त्यानं आराखडा बदलला. सावलीसाठी माड तोडायचा प्रस्ताव आला तर ठामपणे नाही म्हणा आणि पॅनेल हलवा.

इमारत जुनी असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला घ्या. गच्ची गळत असेल तर वॉटरप्रूफिंग आधी. पॅनेल बसल्यावर त्यांच्याखाली काम करता येत नाही.

६. परवानग्या: तीन दारं

पहिलं दार पॅरिश कौन्सिल आणि अर्थसमिती. ठराव लेखी हवा, सही करण्याचा अधिकार कुणाला ते त्यात लिहिलेलं हवं. दुसरं दार बिशप हाउस. मोठ्या खर्चाला धर्मप्रांताची मंजुरी लागते. शाळा वेगळ्या संस्थेची किंवा सिस्टरांची असेल तर त्यांचंही पत्र लागेल. तिसरं दार महावितरण, तिथला नेट मीटरिंगचा अर्ज ऑनलाइन होतो आणि बहुतेक वेळा विक्रेताच भरतो. त्यानं भरलेला अर्ज सादर होण्याआधी स्वतः वाचा. आमच्या पहिल्या अर्जात ग्राहक क्रमांकाचा एक आकडा चुकला होता आणि तीन आठवडे आम्ही उगाच वाट बघत बसलो.

प्रमुख धर्मगुरूंची बदली जवळ आली असेल तर तेही लक्षात घ्या. काम अर्ध्यावर असताना नवे फादर आले तर त्यांना सगळी फाइल समजावून द्यायला एक माणूस नेमलेला असू द्या.

७. पैसे: इथले तीन खड्डे

पहिला खड्डा सबसिडीचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेली पीएम सूर्यघर योजना घरांसाठी आहे. घराला दोन किलोवॉटपर्यंत प्रत्येक किलोवॉटला ३०,००० रुपये आणि तीन किंवा त्याहून जास्त किलोवॉटला मिळून ७८,००० रुपये केंद्राकडून मिळतात. चर्च, शाळा, हॉल यांचं अंदाजपत्रक या रकमेच्या भरवशावर आखू नका. मात्र धर्मग्रामातल्या कुटुंबांना ही योजना जरूर समजावून सांगा. आमच्याकडे चर्चच्या कामापेक्षा जास्त पॅनेल एका रविवारी दिलेल्या या माहितीमुळे लोकांच्या घरांवर लागली.

दुसरा खड्डा 'एक पैसा न घालता सोलार' हा. कंपनी तुमच्या गच्चीवर स्वतःच्या खर्चानं यंत्रणा लावते आणि वीस-पंचवीस वर्षं तुम्हाला वीज विकते. काही ठिकाणी ते सोयीचं असतं. पण विश्वस्त संस्थेची इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीनं भाडेपट्ट्यावर द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. करारात गच्चीचा भाडेपट्टा लपलेला आहे का ते वकिलाकडून वाचून घ्या. सही त्यानंतर.

तिसरा खड्डा प्रेमानं येतो. वसईची माणसं आखातात, कॅनडात, ऑस्ट्रेलियात आहेत आणि त्यांना गावच्या चर्चसाठी द्यायचं असतं. भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसानं बँकेतून पाठवलेले पैसे विदेशी देणगी धरले जात नाहीत. पण नागरिकत्व बदललेलं असेल, अगदी ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं) कार्ड असलं तरी, ती विदेशी देणगी होते. त्यासाठी संस्थेची एफसीआरए (विदेशी देणगी कायद्याखालची) नोंदणी आणि दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतलं खातं लागतं. म्हणून आवाहनाच्या पत्रकावर खाते क्रमांक छापण्याआधी अर्थसमितीशी बोला. आमच्या एका आप्तानं पाठवलेली रक्कम परत करावी लागली. त्यांना वाईट वाटलं आणि आम्हालाही.

आम्ही एक पॅनेल एका कुटुंबानं किंवा एका आळीनं द्यायचं असं केलं. ज्यांना तेवढं जमत नव्हतं त्यांनी पन्नास-शंभर रुपये दिले. देणाऱ्यांची यादी रकमेविना लावली, आणि ते बरं झालं.

८. कोटेशन कसं वाचायचं

किमान तीन घ्या आणि एकूण आकड्यावर जाऊ नका. हे विचारा:

- पॅनेल आणि इन्व्हर्टर (पॅनेलची वीज आपल्या वापराजोगी करणारं यंत्र) यांची कंपनी, मॉडेल आणि वॉरंटी वेगवेगळी लिहिलेली आहे का? पॅनेलची '२५ वर्षं' ही उत्पादनक्षमतेची वॉरंटी असते. वस्तूची वॉरंटी वेगळी आणि कमी असते, इन्व्हर्टरची त्याहून कमी.
- सांगाडा कशाचा? आपल्याकडे खारा वारा आहे. हॉट डिप गॅल्वनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड) किंवा अॅल्युमिनियम, आणि नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचे. नुसता रंग मारलेला लोखंडी सांगाडा दोन पावसाळ्यांत गंजतो.
- आकाशातली वीज पडण्यापासून बचाव करणारा वीजरोधक आणि वेगवेगळं अर्थिंग यात धरलं आहे का?
- जीएसटी जुन्या दरानं लावलाय का? सप्टेंबर २०२५ पासून सौर उपकरणांवर ५ टक्के आहे, आधी १२ टक्के होता.
- नेट मीटरचा खर्च आणि पाच वर्षांची देखभाल कुणाकडे?

उत्पादनाचा अंदाज असा तपासा: एक किलोवॉट वर्षभराच्या सरासरीनं दिवसाला चार युनिट्स देतो. दहा किलोवॉटला महिन्याला सुमारे बाराशे युनिट्स. जुलै-ऑगस्टमध्ये ती बरीच घसरतात. कुणी दिवसाला सहा युनिट्सचं आश्वासन देत असेल तर त्याला निरोप द्या.

९. बसवण्याचा महिना

१ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर हा जगभरच्या ख्रिस्तसभेत सृष्टीसाठी प्रार्थनेचा काळ असतो. ४ ऑक्टोबरला असिसीच्या संत फ्रान्सिसचा सण. लोकांना समजावणं, प्रवचनं, शाळेतल्या मुलांची चित्रं, पैशांचं आवाहन हे सगळं या पाच आठवड्यांत करा आणि काम पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. नाताळच्या रोषणाईआधी यंत्रणा चालू होते. जूनमध्ये गच्चीवर माणसं चढवू नका.

नेट मीटरिंगमधल्या शिल्लक युनिट्सचा वर्षाचा हिशोब ३१ मार्चला मिटतो. मे महिन्यात शाळा बंद आणि ऊन सगळ्यात कडक, तेव्हा साठलेली युनिट्स जूनपासून कामाला येतात. पण मार्चअखेर भरपूर युनिट्स उरत असतील तर यंत्रणा गरजेपेक्षा मोठी झाली असं समजा.

१०. वीज गेली की काय होतं

हे सगळ्यांना आधीच सांगा. साधी ऑनग्रिड (महावितरणच्या तारांना जोडलेली, बॅटरी नसलेली) यंत्रणा वीज गेली की आपोआप बंद पडते, भर दुपारच्या उन्हातसुद्धा. तारांवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी ती तशीच बनवलेली असते. आम्ही हे लोकांना सांगितलं नव्हतं. यंत्रणा सुरू होऊन पंधरा दिवस झाले नाहीत तोच कोयरच्या (गायनवृंदाच्या) सरावात वीज गेली, आणि मेणबत्त्या शोधता शोधता प्रत्येकजण मला विचारत होता, "मग ती पॅनेल कशाला लावली?"

पुरात किंवा वादळात तुमचा हॉल आसऱ्याची जागा होत असेल तर वेगळी, छोटी बॅटरीची सोय करा. चार दिवे, मोबाइल चार्जिंगचे काही पॉइंट आणि औषधांसाठी एक लहान फ्रिज एवढ्यापुरती. सगळी शाळा बॅटरीवर चालवायचा खर्च झेपणारा नाही.

११. लागणारी कागदपत्रं

एकाच फाइलमध्ये, प्रत्येकी तीन प्रती: बारा महिन्यांची बिलं, इमारतीची घरपट्टीची पावती, संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र आणि पॅन, कौन्सिलचा ठराव, सहीच्या अधिकाराचं पत्र, सही करणाऱ्याचं आधार, बिशप हाउसची मंजुरी, इंजिनिअरचा दाखला, गच्चीचे फोटो, रद्द केलेला चेक, विक्रेत्याशी केलेला करार. वॉरंटी कार्डं मिळाली की त्यांचीही प्रत याच फाइलमध्ये.

१२. चालू झाल्यावर

पॅनेल पंधरा दिवसांनी धुवा, सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर. तापलेल्या काचेवर थंड पाणी नको. खाऱ्या विहिरीचं पाणी वापरलंत तर पांढरे डाग बसतात आणि मग घासून निघत नाहीत. आमच्याकडे नववीची मुलं शिक्षकांबरोबर खाली उभी राहून मीटर वाचतात, गच्चीवर फक्त मोठी माणसं जातात.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चच्या फळ्यावर आम्ही तीन ओळी लिहितो: किती युनिट्स तयार झाली, किती रुपये वाचले, त्यातले किती कुठे गेले. देशाच्या वीजजाळ्यातल्या विजेचं एक युनिट वाचलं की साधारण सातशे ग्रॅम कार्बन डायऑक्साइड वाचतो, तो आकडाही कधीकधी मुलं लिहितात. पण लोक तिसरी ओळ वाचायला थांबतात.

आमच्याकडे वाचलेल्या रकमेचा तिसरा हिस्सा गरीब घरांना मदत करणाऱ्या संत विन्सेंट दी पॉल संस्थेच्या सभासदांकडे जातो. ते घरं ओळखून आहेत. पहिल्या वर्षी त्यातून थकलेल्या बिलांमुळे वीज तोडलेली दोन घरं पुन्हा जोडली गेली. एका घरात शिलाई मशीनवर पोट चालतं. ताईंनी स्वतः सांगितलं की फादर, बल्ब नका देऊ, मशीनला मोटर बसवायची आहे, तेवढी वीज टिकेल असं बघा. त्यांच्या घराचं वायरिंग बदलून दिलं. यंदा तो हिस्सा डहाणूच्या बाजूच्या एका पाड्यावरच्या अभ्यासिकेच्या दिव्यांसाठी ठेवला आहे. तिथं काय लागेल ते विचारायला आम्ही पुढच्या आठवड्यात जातोय, कोटेशन न घेता.